वजन माझं, मोजमाप कुणाचं?

परवाचीच गोष्ट. संध्याकाळची वेळ, दिवेलागण नुकतीच झालेली. आमच्या डोंगरीत या वेळेला बायका दारात बसून चार शब्द बोलतात. शेजारच्या मावशी मात्र तोंड पाडून बसल्या होत्या. हातात मुलाचा जुना मोबाइल.

"काय झालं हो मावशी?"

"काय व्हायचंय? हा रोज मला नापास करतो!" असं म्हणून त्यांनी मोबाइल माझ्यापुढे धरला. पडद्यावर लाल रंगाचं वर्तुळ. त्याखाली इंग्रजीत काहीतरी लिहिलेलं. मी वाचून सांगितलं, "आजचं लक्ष्य चुकलं, असं म्हणतोय."

मावशींचं वय चोपन्न, उंची जेमतेम पाच फूट, वजन एक्याऐंशी किलो. गुडघे दुखतात, रक्तदाब वाढलेला. डॉक्टरांनी सांगितलं, निदान पाच-सहा किलो तरी उतरवा, गुडघ्यांना आराम पडेल. घरी आल्यावर मुलाने हौसेने आईच्या मोबाइलमध्ये वजन कमी करण्याचं एक ॲप टाकून दिलं. रोज काय खाल्लं ते यात लिहायचं, किती चाललीस ते हाच मोजेल, असं समजावून तो कामाला निघून गेला.

पहिल्याच दिवशी मावशी अडल्या. दुपारी जेवल्या होत्या तांदळाची भाकरी, बोंबलाचं कालवण आणि थोडा भात. सुनेने 'बोंबील' असं इंग्रजी अक्षरांत लिहून पाहिलं. काहीच सापडलं नाही. मग तिला आठवलं की बोंबलाला इंग्रजीत 'बॉम्बे डक' म्हणतात. तसं लिहिल्याबरोबर यादी आली ती बदकाच्या मांसाची! भाजलेलं बदक, तळलेलं बदक, सालीसकट बदक. उत्तनच्या किनाऱ्याजवळ जन्म गेलेल्या बाईच्या ताटात ॲपने चक्क बदक वाढलं.

आम्ही दोघी खूप हसलो. पण हसता हसता मावशी जे बोलल्या, त्याने मी गप्प झाले. "या महिन्यात डॉक्टरकडे गेलेच नाही मी. ते विचारतील, मोबाइल दाखवा. काय दाखवू, सगळं लालच!"

म्हणजे बघा, ज्या साधनाने बाईला डॉक्टरकडे जायला बळ द्यायचं, त्यानेच तिची पावलं दारात अडवली. रक्तदाबाची गोळी महिन्याने बदलायची होती, तीही राहिली. मैत्रिणींनो, म्हणूनच आज या विषयावर लिहावंसं वाटलं. मोबाइलमधली आरोग्याची ॲप्स वापरायला आपल्याला का जड जातात? आणि ती जमली नाहीत तर दोष खरंच आपला असतो का?

हा एकट्या मावशींचा प्रश्न नाही

लठ्ठपणा म्हटलं की अजूनही आपल्याकडे टिंगल होते. 'खात्यापित्या घरची' म्हणायचं आणि पाठीमागे हसायचं. पण आकडे हसण्यासारखे नाहीत. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या सुमारे २४ टक्के स्त्रियांचं वजन प्रमाणाबाहेर आढळलं. म्हणजे चौघींत एक. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने देशभर केलेल्या मोठ्या पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात पोटाचा घेर प्रमाणाबाहेर असलेल्या प्रौढांचं प्रमाण ३९.५ टक्के निघालं आणि त्यात पुरुषांपेक्षा बायकाच जास्त होत्या.

आणि हा आळशीपणाचा दाखला नव्हे, हे आधी मनाशी पक्कं करू या. अनुवंश, अपुरी झोप, बाळंतपणं, पाळी जाण्याचा काळ, थायरॉइड, स्टिरॉइडसारखी काही औषधं, मनावरचा ताण, शिवाय स्वस्तात मिळणारं तेलकट-गोड खाणं, अशी कितीतरी कारणं त्यामागे असतात. जानेवारी २०२५ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या तज्ज्ञांच्या आयोगानेही हेच मांडलं की नुसत्या वजनाच्या आकड्यावरून आजार ठरवू नका. त्या वजनाने शरीराचं काम कुठे बिघडलंय का, ते पाहा.

आता मोबाइलकडे वळू. त्याच कुटुंब पाहणीत असं दिसलं की स्वतः वापरता येईल असा मोबाइल देशातल्या ५४ टक्के स्त्रियांकडेच होता आणि इंटरनेट कधीतरी वापरलेल्या स्त्रिया होत्या फक्त ३३ टक्के. त्यानंतरच्या वर्षांत मोबाइल पुष्कळ वाढले. पण घरात जुना झालेला, बॅटरी लवकर संपणारा मोबाइल कुणाच्या वाट्याला येतो, ते तुम्हाला मी सांगायला नको! ॲप बनवणाऱ्याच्या डोळ्यांपुढे मात्र असते नवा मोबाइल खिशात ठेवणारी, इंग्रजी वाचणारी, स्वतःचं ताट स्वतः वाढून घेणारी एकटी व्यक्ती.

उंची सांगा, वजन सांगा!

कुठलंही ॲप उघडा, पहिला प्रश्न हाच. त्यावरून ते एक आकडा काढतं, बीएमआय. वजन किलोत घ्यायचं आणि उंची मीटरमध्ये घेऊन तिच्या वर्गाने भागायचं. हा हिशेब मांडला बेल्जियमच्या अडॉल्फ केटले या गणितज्ञाने, एकोणिसाव्या शतकात. ते काही डॉक्टर नव्हते, माणसांच्या मोजमापांची सरासरी काढण्याचा त्यांना छंद. 'बॉडी मास इंडेक्स' हे नाव १९७२ मध्ये अमेरिकेतल्या अॅन्सल कीज यांनी रूढ केलं.

आता यात गोम अशी की पाश्चात्त्य देशांत हा आकडा २५ च्या वर गेला की वजन जास्त आणि ३० च्या वर लठ्ठपणा मानतात. आपल्याकडच्या तज्ज्ञांनी मात्र २००९ मध्येच भारतीयांसाठी या रेषा खाली आणल्या, २३ आणि २५. का? तर आपल्या शरीरात त्याच वजनाला चरबी जास्त असते, विशेषतः पोटावर. समजा एखादीची उंची १५२ सेंटिमीटर, म्हणजे पाच फूट, आणि वजन ५६ किलो आहे. तिचा आकडा येतो २४.२. परदेशी मोजपट्टी लावणारं ॲप तिला हिरवा रंग दाखवून शाबासकी देईल, तर भारतीय मोजपट्टी सांगेल की बाई, जरा सांभाळ.

या बाबतीत आपल्या पुण्याचं एक उदाहरण जगभर गाजलेलं आहे. केईएम रुग्णालयातले मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी डॉ. जॉन युडकिन या दोघांचा फोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के! दिसायला सडपातळ, आतून चरबीवाला, असा हा आपला भारतीय देह. निव्वळ उंची-वजनावर भागवणाऱ्या ॲपला हे कसं कळणार?

याला उतारा काय? शिवणाच्या डब्यातली टेप! बाईच्या पोटाचा घेर ८० सेंटिमीटरच्या आत असावा, पुरुषाचा ९० च्या आत. टेप बरगड्या संपतात आणि कमरेचं हाड सुरू होतं त्यांच्या मधोमध धरायची, श्वास सोडून मोजायचं, पोट आत ओढायचं नाही हं. आपल्या आशाताई तिशीपुढच्या प्रत्येकाचा जो तपासणीचा कागद भरतात, त्यातही हा घेर विचारलेला असतो. बाईचा ८० पर्यंत असेल तर शून्य गुण, ८१ ते ९० असेल तर एक, ९० च्या वर दोन. वय, तंबाखू, दारू, व्यायाम, घरातला मधुमेह असे बाकीचे गुण मिळवून बेरीज चारच्या वर गेली की पुढच्या तपासणीला प्राधान्याने पाठवतात. एवढं साधं आणि एवढं उपयोगी.

एकाच पातेल्यातलं कालवण

दुसरा मोठा अडथळा जेवणाचा. ॲप विचारतं, किती ग्रॅम? आता मला सांगा, कालवण आपण काय तराजूत तोलून वाढतो? एक पातेलं असतं, त्यात सहा माणसांचं शिजतं. सासऱ्यांना मधली तुकडी, मुलांना दोन, आणि बाई सगळ्यांत शेवटी उरलेलं घेते. कधी रस्साच, तर कधी 'टाकायला नको' म्हणून दोघांचं एकटीच संपवते. ते शेवटचं पुसून घेतलेलं पातेलं कुठल्या रकान्यात लिहायचं?

वाटीचंही तेच. माझ्या घरी तीन मापांच्या वाट्या आहेत. भाकरीचं तर बोलायलाच नको. माझी भाकरी आणि माझ्या सासूबाईंची भाकरी यांत दीडपट फरक. बोंबीलच घ्या. ओल्या बोंबलात बहुतेक पाणीच, सुका बोंबील म्हणजे ते पाणी उडून गेलेला. त्यामुळे वजनाला सारखे घेतले तर दोघांच्या उष्मांकात कितीतरी पटींचा फरक पडतो. ॲपने 'मासा, १०० ग्रॅम' असं म्हटलं तर हिशेब चुकणारच.

पाकिटावरच्या पट्ट्या वाचून खाण्याची नोंद करणारी ॲप्स आहेत. बिस्किटाचा पुडा दाखवला की झटकन आकडा. पण टोपलीतल्या मासळीवर आणि परसातल्या अळूवर कुठे पट्ट्या असतात? म्हणजे गंमत अशी की पुड्यातलं खाणाऱ्याला ॲप सोपं आणि घरचं ताजं खाणाऱ्याला अवघड! हल्ली ताटाचा फोटो काढला की ओळखणारी ॲप्सही निघाली आहेत. पण कॅमेऱ्याला वरचं दिसतं, फोडणीत किती तेल घातलं ते दिसत नाही.

सरकारी पातळीवर यासाठी काहीच झालं नाही असं नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये ५२८ भारतीय अन्नपदार्थांत काय काय असतं याचे तक्ते प्रसिद्ध केले, आणि पुढे २०१९ मध्ये 'न्यूट्रिफाय इंडिया नाऊ' नावाचं ॲपही काढलं. बंगळूरूला २०१२ मध्ये सुरू झालेल्या 'हेल्दीफायमी'सारख्या कंपन्यांनी आपल्याकडच्या पदार्थांच्या याद्या केल्या. परदेशी यादीपेक्षा हे नक्कीच बरं. पण यादीत पोळी सापडली तरी पातेलं एकच असण्याचा आणि बाईने शेवटी जेवण्याचा प्रश्न तिथेच राहतो.

मग तेलाचं गणित करायचंच नाही का? करायचं, पण आपल्या पद्धतीने. महिन्याला घरात किती तेल आलं ते तर आपल्याला पक्कं ठाऊक असतं. समजा चौघांच्या घरात पाच लिटरचा डबा महिन्यात संपला. पाच हजार मिलिलिटर भागिले चार माणसं, भागिले तीस दिवस. एकाच्या वाट्याला रोज ४२ मिलिलिटर, म्हणजे जवळजवळ आठ-नऊ चमचे. त्याचेच साडेतीनशेच्या आसपास उष्मांक झाले. डबा पुढच्या महिन्यात चार लिटरवर आणला, तर घरातल्या प्रत्येकाचे रोजचे सत्तरेक उष्मांक गेले, तेही कुणाच्या ताटाकडे बोट न दाखवता. हे गणित वाणसामानाच्या चिठ्ठीवर होतं आणि त्याला रोज लिहावं लागत नाही.

दहा हजार पावलांचं गौडबंगाल

"आणि चालण्याचं काय सांगू?" मावशी म्हणाल्या. "पहाटे उठून पाणी भरलं, पाटी घेऊन बस पकडली, भाईंदरला उतरून बाजारापर्यंत चालत गेले. तो म्हणतो, तीनशे बारा पावलं!"

म्हणेलच. मोबाइल घरी चार्जिंगला होता ना! पावलं मोजतो तो मोबाइलच्या आतला हालचाल ओळखणारा छोटा भाग. मोबाइल अंगावर असेल तरच तो मोजणार. साडीला, गाऊनला खिसा नसतो. पिशवीत टाकला तर मोजणीत गफलत होते, कमरेला खोचला तर पडायची भीती. पाटीचं ओझं, विहिरीवरच्या बादल्या, उकिडवं बसून भांडी घासणं, यातलं तर काहीच त्याच्या हिशेबात येत नाही.

पण खरं तेही बोललं पाहिजे. बाजारात मावशी पुढे सहा तास एका जागी बसून असतात. घरकामाने दमायला होतं, तरी सलग चालण्याने हृदयाला आणि फुप्फुसांना जो व्यायाम होतो तो प्रत्येक घरकामाने होतोच असं नाही. म्हणून चालणं हवंच. प्रश्न आहे तो किती.

दहा हजार पावलांचा आकडा कुठून आला ठाऊक आहे? १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकनंतर, १९६५ मध्ये जपानमधल्या एका कंपनीने पावलं मोजणारं यंत्र विकायला काढलं. त्याच्या नावाचा अर्थच मुळी 'दहा हजार पावलं मोजणारं'. म्हणजे हा आकडा आधी जाहिरातीत आला! पुढे २०१९ मध्ये अमेरिकेत सोळा हजारांहून जास्त वयस्क स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांचं सरासरी वय ७२. रोज २,७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० पावलं चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण बरंच कमी दिसलं आणि साधारण ७,५०० नंतर फारसा फरक उरला नाही. थोडक्यात काय, तर दहा हजार झाली नाहीत म्हणून लाल वर्तुळ बघून रडायचं कारण नाही. काल दोन हजार होती, आज अडीच हजार झाली, हीच कमाई.

ज्यांचं वजन जास्त आहे त्यांच्या आणखीही अडचणी आहेत, आणि त्या ॲप बनवणाऱ्यांच्या लक्षातच येत नाहीत. व्यायामाच्या व्हिडिओत एक सडपातळ मुलगी टणाटणा उड्या मारते. गुडघे दुखतात का, खाली बसून उठता येतं का, हे कुणी आधी विचारत नाही. खुर्चीत बसून करायचे व्यायाम शोधायला चार पडदे मागे जावं लागतं. घड्याळाचा पट्टा मनगटाला पुरत नाही. घरगुती वजनकाटे बहुधा दीडशे-एकशे ऐंशी किलोपर्यंतच चालतात, त्यापुढच्या माणसाला काटा चक्क 'एरर' म्हणतो. काय वाटत असेल त्या माणसाला? बारीक अक्षरं, जवळजवळ चिकटलेली बटणं, कामाने ओले झालेले हात. एक बोट चुकलं की दुसरंच पान उघडतं.

इथे एक गोष्ट मुद्दाम सांगते. वस्तू वापरायला सोपी आहे का ते तपासण्याचं एक शास्त्र आहे. त्यात वस्तू माणसाच्या हातात देतात आणि गप्प बसून बघतात, तो कुठे अडतो. त्याचा पहिला धडाच असा, की माणूस अडला तर चूक वस्तूची, माणसाची नव्हे. मावशींच्या मुलाने ॲप दिलं, समजावलं, पण आई कुठे अडते ते बघायला तो थांबला नाही. कंपन्याही बहुतेक तेच करतात.

मग ॲप टाकूनच द्यायचं?

नाही, तसंही नाही. खाल्लेलं लिहून ठेवणाऱ्यांचं वजन कमी व्हायला मदत होते, हे अनेक अभ्यासांत दिसलं आहे. लिहिलं की लक्ष जातं, एवढं साधं त्याचं कारण. पण ते लिहिणं कागदावर असो की मोबाइलवर, टिकलं पाहिजे.

आणि यंत्र महाग म्हणून गुणकारी, असंही नाही. २०१६ मध्ये अमेरिकेतला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. वजन जास्त असलेल्या ४७१ तरुण-तरुणींना दोन वर्षं पाहिलं. सुरुवातीचे सहा महिने सगळ्यांना सारखाच आहार, व्यायाम आणि सल्ला. मग निम्म्यांच्या दंडाला हालचाल मोजणारं यंत्र दिलं, बाकीच्यांनी स्वतःच नोंदी ठेवल्या. दोन वर्षांनी यंत्रवाल्यांचं वजन सरासरी साडेतीन किलोने घटलेलं होतं आणि बिनयंत्रवाल्यांचं ५.९ किलोने!

आपल्या महाराष्ट्रात तर याचा वेगळाच अनुभव आला. डॉ. श्रीकांत जिचकार यांनी मांडलेला दोनच वेळा जेवण्याचा विचार लातूरच्या वैद्यकीय महाविद्यालयातले डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी पुढे नेला. तो पोचला कशावर? मराठीतल्या भाषणांच्या व्हिडिओवर आणि व्हॉट्सॲपच्या गटांवर. २०१८ मध्ये राज्य सरकारच्या लठ्ठपणाविरोधी मोहिमेचा चेहरा म्हणूनही त्यांना नेमलं. त्या आहाराबद्दल तज्ज्ञांमध्ये मतभेद आहेत आणि मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी डॉक्टरांना न विचारता एकही जेवण बुडवू नये, साखर एकदम उतरू शकते. तो आहार करा असं माझं सांगणं नाही. मला दिसतं ते वेगळं. खेड्यापाड्यातल्या बायकांना नवं काही शिकावं लागलं नाही. मोबाइलमध्ये आधीच असलेलं व्हॉट्सॲप, आपली भाषा, ग्रॅमची भानगड नाही, आणि शंका विचारली तर पलीकडून माणूस उत्तर देतो. 'आज जमलं नाही' म्हटलं तर लाल वर्तुळ येत नाही, कुणीतरी 'उद्या बघू' म्हणतं.

दोन गोष्टी मात्र डोळ्यांत तेल घालून बघा. एक पैशांची. 'सात दिवस फुकट' म्हणून कार्डाचा नंबर घेतात आणि आठव्या दिवसापासून पैसे आपोआप कापले जातात. दुसरी खासगीपणाची. वजन, पाळी, आजार, हे सगळं आपण तिथे लिहून देतो. २०१८ मध्ये 'मायफिटनेसपॅल' या प्रसिद्ध ॲपच्या सुमारे १५ कोटी खात्यांची नावं आणि ईमेल चोरीला गेले होते. आपल्याकडे माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला. तरी जे विचारण्याचं ॲपला कारण नाही ते देऊ नये, हे बरं. घरात एकच मोबाइल चौघं वापरत असतील तर कुलूप लावायलाही शिकून घ्या.

ॲप घेण्याआधी, सात दिवसांची परीक्षा

* भाषा मराठी आहे का? नसेल तर निदान बोलून नोंद करता येते का?
* आपलं रोजचं जेवण लिहून बघा. तीन दिवसांत चार पदार्थ सापडले नाहीत तर ते ॲप आपलं नव्हे.
* ग्रॅमऐवजी वाटी, भाकरी, चमचा चालतो का?
* पोटाचा घेर विचारतं का? वजनाची रेषा भारतीयांची, म्हणजे २३ आणि २५ ची आहे का?
* गुडघेदुखी, रक्तदाब, मधुमेह आहे का हे विचारल्याशिवाय व्यायाम सांगत असेल तर तो करू नका.
* टोमणेवजा सूचना बंद करता येतात का? येत नसतील तर ॲपच बंद करा.
* सात दिवसांनी स्वतःला विचारा, याने मला हुरूप आला की खजील वाटलं?

आणि सगळ्यांत महत्त्वाचं. ॲप लाल झालं म्हणून डॉक्टरांची तारीख चुकवू नका. औषध बदलायचं ते डॉक्टरांनी, मोबाइलने नव्हे.

मावशींचं पुढे काय झालं?

त्या संध्याकाळी आम्ही ॲप बंद केलं. मोबाइलमध्ये दोनच गोष्टी ठेवल्या. रात्री नऊला गोळीची आठवण करून देणारा गजर आणि आम्हा पाच जणींचा व्हॉट्सॲपचा गट. लिहायचं नाही, बोलून पाठवायचं. "निघालेय गं, येताय का?" एवढंच. रोज संध्याकाळी चर्चच्या रस्त्याने वीस मिनिटं चालायचं, गुडघा कुरकुरला तर दहा. भिंतीवरच्या कॅलेंडरवर चाललेल्या दिवशी गोल काढायचा, न चाललेल्या दिवशी काहीच नाही. फुली मारायची नाही, हा मावशींचाच नियम. महिन्याच्या पहिल्या तारखेला टेप लावायची. तेलाचा डबा कधी फोडला तेही त्याच कॅलेंडरवर.

तीन महिने झाले. पोटाचा घेर १०४ वरून १०१ वर आला, वजन अडीच किलोने उतरलं. फार नाही म्हणाल तुम्ही. पण एक किलो वजन घटलं की चालताना दर पावलाला गुडघ्यावरचा भार चार किलोने हलका होतो, असं अभ्यासात दिसलं आहे. म्हणजे मावशींच्या गुडघ्यावरून पावलागणिक दहा किलो उतरले. जिना चढताना त्यांना ते कळतंय.

गेल्या आठवड्यात त्या डॉक्टरकडे गेल्या. मी सोबत होते. कॅलेंडरची तीन पानं फाडून, घडी घालून पिशवीत नेली होती. डॉक्टरांनी ती उलगडली, एकेक गोल बोटाने मोजला, रक्तदाब पाहिला, गोळी बदलून दिली. मग हसून विचारलं, "मावशी, मोबाइलमध्ये नाही का लिहिलं?"

"मोबाइल होय?" मावशी म्हणाल्या, "तो घरी चार्जिंगला लावलाय!"